मलिक अंबराचे मुख : एकाच हबशी वजिराची परस्परविरोधी चित्रे

१

जव्हार व मोखाडा या पालघर जिल्ह्यातील तालुक्यांत वारली कुटुंबात लग्न निघाले म्हणजे सवाशिणी घराच्या भिंतीवर चौक लिहितात. ‘लिहितात’ हा शब्द त्यांचाच. गेरूने वा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने दोन त्रिकोण टोकाशी टोक लावून काढले की मनुष्याचे धड तयार होते. त्यावर एक वाटोळे काढले की मस्तक झाले. या मनुष्याला नाक नाही, डोळे नाहीत, वर्ण नाही. तो अमुक एक वारली नसून नाचणारा, पेरणारा, शिकारीस निघालेला कोणीही वारली आहे. याच वारल्याचे चित्र बाहेरून आलेला चित्रकार काढतो तेव्हा मात्र तो चेहऱ्यापासून आरंभ करतो, आणि कातडीचा रंग, अंगावरील अपुरे वस्त्र, गळ्यातील मणी यांवर विशेष श्रम घेतो. मनुष्य एकच, परंतु एका चित्रात तो समूहाचा घटक आहे, तर दुसऱ्यात पाहण्याची वस्तू.

ही दोन चित्रे समोर ठेवून ‘यांतील खरे कोणते?’ असा प्रश्न करण्याचा मोह होतो. इतिहासाच्या अभ्यासकाने हा प्रश्न थोडा निराळा करून घेतला पाहिजे. चित्र कोणासाठी काढले, ते कोठे ठेवावयाचे होते आणि त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे होते, हे आधी ठरविल्यावाचून खऱ्याखोट्याचा निवाडा करता येत नाही. भिंतीवरील चौक लग्नानंतर पुसट होतो व पुढे सारवणाखाली जातो. त्यामुळे त्याच्या आधाराने जुन्या काळाविषयी असा विचार करणे अवघड आहे. सुदैवाने महाराष्ट्राच्या इतिहासात याच प्रश्नाचे एक सुस्पष्ट उदाहरण कागदावर टिकून राहिले आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिणेतील आफ्रिकी वंशाच्या सरदारांची, आणि विशेषतः निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची, अनेक हातांनी चित्रे काढली. त्या चित्रांची परस्परांशी तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय जव्हार-मोखाड्याच्या वाचकालाही सर्वस्वी परका नाही, हे लेखाच्या अखेरीस दिसून येईल.

२

मलिक अंबराचे चरित्र विद्यार्थ्यांस परिचित आहे. येथे प्रस्तुत विषयापुरते त्याचे स्मरण पुरे. इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, त्याचा जन्म झाला. बालपणी तो गुलाम म्हणून विकला गेला व अरबस्तान आणि बगदाद या मार्गाने, एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात, अखेर दक्षिणेत आला. येथे त्याला विकत घेणारा चंगीझखान हा निजामशाहीचा पेशवा. आणि तोही हबशीच होता. ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दक्षिणेतील सुलतानशाह्यांत हबशी हा केवळ गुलाम नव्हता. दखनी, इराणी, अफगाण यांच्याप्रमाणे तो दरबारातील एक पक्ष होता. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरकडे राहिला व पुन्हा नगरकडे परतला.

इ. स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा निजामशाही संपली असे आग्र्यास वाटले असल्यास नवल नाही. अंबराने मात्र परांडा येथे दुसऱ्या मुर्तझा निजामशाहास गादीवर बसविले आणि पुढे पाव शतक मोगलांस दक्षिणेत स्थिर होऊ दिले नाही. मराठा घोडदळ हे त्याचे मुख्य बळ होते. भोसले, जाधव आदी घराणी त्याच्या काळी उदयास आली. इ. स. १६१० च्या सुमारास या भागाविषयी लिहिणारा इंग्रज प्रवासी विल्यम फिंच त्याच्या पदरी दहा हजार हबशी व चाळीस हजार दखनी असल्याचे सांगतो. इ. स. १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईत अंबराचा पराभव झाला व मोगलांनी त्याची खडकी ही राजधानी उद्ध्वस्त केली, इ. स. १६१७ मध्ये त्याला तह करावा लागला. परंतु इ. स. १६२० मध्ये त्याने पुन्हा उचल केली, आणि इ. स. १६२४ मध्ये भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. इ. स. १६२६ मध्ये, सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन, तो नैसर्गिक मृत्यूने मरण पावला. हा शेवटचा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

३

अंबराच्या चित्रांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेले चित्र डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. जहांगीरच्या दरबारातील चित्रकार अबुल हसन याने ते इ. स. १६१६ च्या सुमारास काढले. या चित्रकारास पुढे बादशहाने ‘नादिरुज्जमान’, म्हणजे युगातील अद्वितीय, ही पदवी दिली. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल बैलाच्या पाठीवर व बैल माशाच्या पाठीवर आहे. बादशहाच्या मस्तकाभोवती तेजोवलय आहे, आणि आकाशातून पंख असलेली बालके, जी युरोपीय चित्रांतून मोगल चित्रकलेत आली, त्याला शस्त्रे देत आहेत. त्याच्यासमोर भाल्याच्या टोकावर एका हबशाचे छिन्न मस्तक आहे. मस्तकावर घुबड बसले आहे. बादशहाने धनुष्य ओढून सोडलेला बाण त्या मस्तकाच्या मुखात शिरला आहे. हे मस्तक मलिक अंबराचे होय.

हा प्रसंग कधीच घडला नाही. जहांगीर व अंबर यांची समोरासमोर गाठ पडली नाही, आणि अंबराचे मस्तक कोणी कापले नाही. रोषणगावच्या विजयाचा आनंद या चित्रामागे असणे संभवते. पण त्या विजयातही अंबर निसटला होता. जे रणांगणावर साधले नाही ते कागदावर साधणे, हे या चित्राचे कार्य आहे. अबुल हसनाने अशी इच्छाचित्रे आणखीही काढली आहेत. वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहातील एका चित्रात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला आलिंगन देत आहे. त्या दोघांचीही भेट कधी झाली नव्हती.

तथापि या चित्रात शत्रूचा वध एवढेच नाही. चित्रावरील फारसी लेखांत अंबराच्या वर्णाचा संबंध रात्रीशी जोडला आहे व घुबड हे त्याचेच प्रतीक मानले आहे. प्रकाशवलयांकित बादशहा हा दिवस. कृष्णवर्ण वजीर ही रात्र. आणि दिवसाने रात्रीचा नाश करावा हा सृष्टिक्रमच, असा हा युक्तिवाद आहे. म्हणजे एका राजकीय वैऱ्याची कातडी हीच त्याच्या अपराधाची साक्ष बनविली आहे. लॉस एंजेलिस येथील संग्रहालयात याच चित्रकाराचे समजले जाणारे दुसरे एक चित्र आहे. त्यात जहांगीर ‘दलिद्दर’ या मूर्तिमंत दारिद्र्यावर बाण सोडीत आहे, आणि ते दारिद्र्यही एका काळ्या, कृश, वृद्ध पुरुषाच्या रूपाने दाखविले आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली म्हणजे रचना एकच असल्याचे ध्यानात येते. पहिल्या चित्रातील लक्ष्यास नाव आहे, दुसऱ्यातील लक्ष्य ही कल्पना आहे. आणि कृष्णवर्ण दोहोंना जोडणारा दुवा आहे.

४

एवढ्यावरून मोगल चित्रकार हबशांना तुच्छ लेखीत होते असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा होईल. त्याच दरबारात, त्याच सुमारास, हाशिम नावाच्या चित्रकाराने मलिक अंबराचे एक निराळेच व्यक्तिचित्र काढले. हे चित्र आज लंडन येथील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात असून ते मिंटो संग्रह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोगल चित्रसंपुटातील आहे. हाशिम हा दखनी व्यक्तींची चित्रे काढण्यात विशेष कुशल होता व तो मूळचा दक्षिणेतीलच असावा असे काही अभ्यासक मानतात.

या चित्रात अंबर एकटा उभा आहे. भोवती प्रतीके नाहीत, घुबड नाही, देवदूत नाहीत. चेहरा एका बाजूने दिसतो. वय झालेले आहे, शरीर स्थूल आहे, वस्त्र शुभ्र व साधे आहे, जवळ तलवार आहे. चित्रकाराने वर्ण लपविला नाही व त्याचा गवगवाही केला नाही. नाकाची ठेवण, जड पापण्या व मिटलेले ओठ यांकडे त्याने जे लक्ष दिले आहे तेच तो कोणत्याही मोगल उमरावाकडे देता. हा मनुष्य सत्ताधारी आहे, आणि ही सत्ता त्याच्या अंगी मुरलेली आहे, असा ठसा पाहणाऱ्याच्या मनावर उमटतो.

तेव्हा मित्राने काढलेले चित्र गौरवाचे व शत्रूने काढलेले निंदेचे, ही सोपी विभागणी येथे टिकत नाही. दोन्ही चित्रे शत्रूच्याच गोटातील आहेत. भेद आहे तो चित्राच्या कार्यात. अबुल हसनाचे चित्र बादशहाचे आहे. अंबर त्यात केवळ लक्ष्य म्हणून आला आहे. हाशिमचे चित्र संपुटात ठेवण्यासाठी आहे. राज्यातील व शेजारच्या राज्यांतील प्रमुख पुरुषांची हुबेहूब चित्रे संग्रही असावीत, त्यांच्या मुद्रेवरून त्यांचा स्वभाव पारखता यावा, ही मोगल बादशहांची आवड प्रसिद्ध आहे. अशा संपुटात खोटे चित्र निरुपयोगी ठरते. वैऱ्याला ओळखावयाचे असेल तर त्याचे मुख जसे आहे तसेच काढले पाहिजे.

एवढेच नव्हे, तर ही दोन चित्रे परस्परांवर अवलंबूनही असावीत. भाल्यावरील मस्तक हे कोणा काल्पनिक राक्षसाचे नाही. ते विशिष्ट, ओळखू येणारे मुख आहे. ते अंबराचेच आहे हे पाहणाऱ्यास पटले नसते तर बादशहाच्या बाणाला अर्थ उरला नसता. म्हणून अंबराची काही वास्तव प्रतिमा अबुल हसनासमोर असली पाहिजे, असे अनुमान करणे युक्त होईल. निंदेच्या चित्रालाही आधार सत्यचित्राचाच घ्यावा लागला. हाशिमचे चित्र मात्र सर्वस्वी निरागस आहे असेही समजू नये. शत्रूचे मुख संपुटात बांधून ठेवणे हाही ताब्यात घेण्याचाच एक प्रकार आहे.

५

आता दक्षिणेकडील चित्रकारांकडे वळू. अमेरिकेतील बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात सतराव्या शतकाच्या आरंभीचे, नगर शैलीचे मानले जाणारे एका हबशी अमिराचे चित्र आहे व ते मलिक अंबराचे म्हणून ओळखले जाते. या गटातील चित्रांतील व्यक्ती अंबर स्वतः की त्याचा पुत्र फतेखान, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. प्रस्तुत विषयापुरती ही अनिश्चितताही बोलकी आहे. निजामशाही दरबारात हबशी अमीर हे दृश्य इतके नित्याचे होते की चित्रकारास त्याची वेगळी खूण पटवून देण्याची गरज वाटली नाही.

विजापूरचे उदाहरण अधिक स्पष्ट आहे. महंमद आदिलशहाचा वजीर इखलासखान हाही हबशी. इ. स. १६४५ च्या सुमारास हैदर अली व इब्राहिमखान या दोन चित्रकारांनी सुलतान व इखलासखान हत्तीवर बसले असल्याचे एक भव्य चित्र काढले. पुढे सुलतान, मागे वजीर. सेवकाने धन्याच्या मागे बसावे ही दरबारी मर्यादा येथे पाळली आहे. परंतु हत्ती एकच, बैठक एकच, आणि रेखाटनातील काळजीही दोघांसाठी सारखीच. विजापूरच्याच महंमदखान या चित्रकाराने इ. स. १६५० च्या सुमारास काढलेल्या, सध्या सॅन डिएगो येथील संग्रहालयात असलेल्या चित्रात इखलासखान अर्जाचा कागद हाती घेतलेला दिसतो. येथे हबशी हा कारभार पाहणारा मुत्सद्दी आहे. त्याचा गडद वर्ण चित्रकाराने स्वच्छ रंगविला आहे. पण तो वर्ण कशाचेही रूपक नाही. रात्र नाही, घुबड नाही, दारिद्र्य नाही. कातडीचा रंग तेवढा आहे.

म्हणून दखनी व मोगल चित्रांतील खरा भेद सौंदर्याचा वा कुरूपतेचा नसून रूपकाचा आहे, असे म्हणता येईल. ज्या दरबारात हबशी रोज दिसतो, आज्ञा देतो, सोयरीक करतो, तेथे त्याचा वर्ण अर्थशून्य होतो. जेथे तो दूर आहे, वैरी आहे आणि हाती लागत नाही, तेथे त्याच्या वर्णावर अर्थांचे थर चढविता येतात.

६

ग्रंथांची साक्ष या निष्कर्षास पूरक आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रात अंबराचा उल्लेख बहुधा शिवीसह येतो. काळ्या तोंडाचा, काळ्या नशिबाचा, अशा अर्थाची विशेषणे त्याला चिकटविली आहेत. ती अबुल हसनाच्या चित्राची शब्दरूपे होत. परंतु बादशहाची प्रकृती ढासळल्यावर हे आत्मचरित्र पुढे लिहिण्याचे काम ज्याच्याकडे आले तो मुतमदखान आपल्या ‘इकबालनामा-इ-जहांगिरी’ या ग्रंथात अंबराच्या मृत्यूची नोंद करताना निराळीच भाषा वापरतो. युद्धकला, सेनापतित्व, विवेक व राज्यकारभार यांत अंबराला तोड नव्हती, आणि हबशी गुलामाने एवढी उंची गाठल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, असा त्याचा आशय आहे. एकाच दरबारात दोन चित्रे होती तशी दोन लेखण्याही होत्या. जिवंत शत्रूसाठी एक भाषा, मृत शत्रूसाठी दुसरी.

डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रोके हा इ. स. १६१७ मध्ये अंबरास प्रत्यक्ष भेटला. त्याला अंबराच्या मुद्रेत करारी रोमन पुरुषाचे साम्य दिसले. ही स्तुती खरी, पण तिचा मापदंड युरोपचा आहे. हबशी मुद्रा भव्य वाटली म्हणजे तिला रोमन म्हणावयाचे, ही सवय पाश्चात्त्य लेखनात पुढे दीर्घकाळ दिसते. याउलट कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात भातवडीच्या युद्धाच्या कथनात अंबराचा पराक्रम गौरविला आहे. त्या युद्धात शहाजीराजे अंबराच्या बाजूने लढले होते. शिवाजी महाराजांच्या आश्रित कवीने आपल्या धन्याच्या पित्याचा पराक्रम सांगताना त्या पित्याच्या हबशी वरिष्ठाला शूर म्हणावे, यात त्याला काही विसंगत वाटले नाही.

७

या सर्व पुराव्यावरून अभ्यासकाने दोन गोष्टी घ्याव्या.

पहिली गोष्ट चित्रांच्या उपयोगाविषयी. अबुल हसनाचे चित्र रचनेने इतके प्रभावी आहे की मोगल कलेवरील ग्रंथांत ते पुनःपुन्हा छापले जाते, आणि इंग्रजी ग्रंथांवर वाढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना अंबर प्रथम भेटतो तो भाल्यावरील मस्तक म्हणूनच. कलेच्या दृष्टीने त्या चित्राची थोरवी वादातीत आहे. पण जो मनुष्य ऐंशी वर्षांचा होऊन आपल्या राज्यात मेला, त्याची ओळख त्याच्या न झालेल्या शिरच्छेदाने करून देणे हा इतिहासाचा विपर्यास आहे. ते चित्र जहांगीरच्या मनाचे साधन म्हणून वापरावे. अंबराच्या चरित्राचे साधन म्हणून नव्हे. पुस्तकात एकच चित्र घालावयाचे असेल तर ते हाशिमचे असावे, आणि दोन घालण्यास जागा असेल तर दोन्ही शेजारी घालावी.

दुसरी गोष्ट आपल्या भाषेविषयी. सतराव्या शतकातील कागदपत्रांत ‘हबशी’ हा शब्द केवळ वंशवाचक आहे. दखनी, अफगाण यांच्या पंक्तीस बसणारा. पुढे मराठी बोलण्यात तो आडदांड, काळ्याकभिन्न माणसाला उद्देशून उपहासाने वापरला जाऊ लागला. हा अर्थबदल म्हणजे शब्दाने केलेले चित्रच होय. आणि ते विजापूरच्या हत्तीवरील चित्राहून भाल्यावरील मस्तकाला अधिक जवळचे आहे. हबशी वजिरांच्या हाताखाली ज्यांच्या पूर्वजांनी तलवार धरली त्या समाजाच्या भाषेत हे घडावे, याचा विचार आपण केला पाहिजे.

अखेरीस एक प्रश्न उरतो. वारली सवाशीण आपल्या समाजाचे चित्र स्वतः लिहिते. अंबराने स्वतःचे चित्र कोठे लिहिले? वर आलेली सर्व चित्रे इतरांच्या दरबारांतील वा इतरांच्या हातची आहेत. अंबराची स्वतःची अक्षरे दगडात, पाण्यात व जमिनीच्या मोजणीत शोधावी लागतात. आजच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्याच्या खडकीत, इ. स. १६१२ चा भडकल दरवाजा उभा आहे. डोंगरातील पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणणारी नहर त्याच्याच काळातील. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. आणि मोखाड्याच्या दक्षिण सीमेवर वैतरणेच्या काठी उभे राहिले असता पलीकडे जो प्रदेश दिसतो, तो त्या काळी निजामशाहीचा होता; त्या वैतरणेच्या दक्षिणेकडील मुलुखात अंबराची जमीनमहसुलाची पद्धत लागू झाली होती. अंबरानंतर निजामशाही बुडाली, तरी ‘मलिकंबरी’ हा शब्द मराठी दप्तरांत जमाबंदीचा एक दाखला म्हणून चालू राहिला.

त्या कागदांत त्याच्या वर्णाचा उल्लेख नाही आणि मुखाचे वर्णनही नाही. शेतकऱ्याला ठाऊक असलेला अंबर म्हणजे शेताची प्रत व त्यावरील धारा. वारली चौकातील माणसाप्रमाणे याही प्रतिमेला चेहरा नाही. तथापि बादशहाच्या चित्रशाळेतील बिनीच्या कुंचल्यापेक्षा ती आपल्या प्रदेशात अधिक काळ वापरात राहिली, हे विसरून चालणार नाही.